भांडण त्यांचं, उत्तरही त्यांचं



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय फार भारदस्त छापला आहे : ‘पूर्वप्राथमिक वयातील सामाजिक समस्या-निराकरण कौशल्ये आणि वर्तन’. घाबरू नका. याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ एवढाच, की तीनचाकी सायकल एक आहे आणि बसणारे दोघे आहेत. आता काय करायचं? तीन ते सहा वर्षांच्या मुलापुढे दिवसभर हाच प्रश्न वेगवेगळ्या वेशांत येत असतो. मला खेळात घेत नाहीत, काय करू? त्याने माझा डबा सांडला, काय करू? माझ्या हातून पाटी फुटली, आता आई रागावेल, काय करू? आपल्या मोठ्यांच्या जगातले प्रश्न तरी याहून किती वेगळे असतात? खुर्ची एक आणि बसणारे दोघे. (हे मी व्यासपीठाकडे बघून म्हणत नाही.)

मला आज सांगायचंय ते सुरुवातीलाच सांगून टाकते. मुलांचं भांडण मिटवण्याची आपल्याला फार घाई असते आणि त्या घाईत मुलाची विचार करण्याची संधी जाते. भांडण मिटतं, पण ते आपण मिटवलेलं असतं. मुलाला त्यातून काही मिळत नाही. उद्या पुन्हा सायकल एकच असते, बसणारे दोघेच असतात आणि मूल पुन्हा आपल्याकडेच धावत येतं : “ताई, हा बघा ना!”

हे मी चार मुद्द्यांत मांडणार आहे. मुलांची भांडणं असतात तरी कशी? वागण्यामागे विचार असतो, तो दिसतो कसा? त्या विचाराच्या मर्यादा कोणत्या? आणि आपल्या अंगणात यातलं काय होतं, काय उरलंय?

पहिला मुद्दा, भांडणं. अमेरिकेत १९३४ साली हेलन डॉव या संशोधिकेने एक मजेशीर काम प्रसिद्ध केलं. बालवाडीच्या वयाच्या मुलांची मोकळ्या खेळातली दोनशे भांडणं तिने टिपली. कशावरून सुरू झालं, कोण काय बोललं, हात उचलला का, संपलं कसं, हे सगळं घड्याळ लावून. एक भांडण सरासरी किती वेळ चाललं असेल? आपण सोसायटीच्या सभांना जाणारी माणसं, आपला अंदाज चुकणारच. अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी! आणि बहुतेक भांडणं मुलांनी आपली आपणच संपवली. सगळ्यात जास्त भांडणं झाली ती वस्तूंवरून. भांडण संपल्यावर बहुतेक मुलं, जणू काही घडलंच नाही अशी, पुन्हा खेळायला लागली.

आता आपल्याकडे काय होतं ते आठवा. किंकाळी ऐकू आली की बालवाडीतली ताई किंवा आई धावते. ती पोचेपर्यंत प्रकरण निम्मं निवळलेलं असतं. ती पोचली की पुन्हा उभं राहतं, कारण आता न्यायाधीश हजर झाला! “आधी कोणी मारलं?” हा आपला पहिला प्रश्न. या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही मुलाने खरं उत्तर दिल्याचं मला ठाऊक नाही. मग आपण निकाल देतो : “तो लहान आहे, त्याला दे.” “सॉरी म्हण.” “शेक हँड करा.” मूल सॉरी म्हणतं. कसं म्हणतं? भिंतीकडे बघत म्हणतं. आपलं समाधान होतं. पण त्या दोघांच्या डोक्यात सायकलचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

माझं म्हणणं असं नाही की कधीच मध्ये पडू नये. हातात दगड असेल, चावाचावी चालू असेल, एकाच मुलाला रोज कोपऱ्यात गाठलं जात असेल, तर आधी थांबवायचं, बोलणं नंतर. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या, रोजच्या, वाळूतल्या आणि घसरगुंडीवरच्या भांडणांबद्दल.

दुसरा मुद्दा, वागण्यामागचा विचार. यासाठी तुम्हाला थोडा वेळ फिलाडेल्फियाला नेते. १९६५ साली अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही सरकारी योजना सुरू झाली. त्या काळात फिलाडेल्फियाच्या हाहनेमान मेडिकल कॉलेजात जॉर्ज स्पिवॅक आणि मर्ना शूअर हे दोन मानसशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांना पडलेला प्रश्न असा : काही मुलं सतत मारामारी करतात, काही मुलं कोपऱ्यात गप्प बसतात आणि काही मुलं मजेत मिसळतात. यांच्या विचारात काही फरक आहे का?

त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक साधी चाचणी तयार केली. मुलाला चित्रं दाखवायची. एक मुलगा बराच वेळ एका खेळण्याशी खेळतोय, दुसऱ्यालाही ते हवंय. दुसऱ्याने काय करावं, काय म्हणावं, म्हणजे त्याला मिळेल? मूल म्हणतं, “दे म्हणायचं.” छान. आणखी काय करता येईल? “ओढून घ्यायचं.” बरं. आणखी? “त्याला माझी गाडी द्यायची.” आणखी? दुसरी गोष्ट आईची. मुलाच्या हातून आईची एखादी वस्तू मोडते. आई रागावू नये म्हणून तो काय काय करू शकेल? चूक-बरोबर असे गुण नाहीत. वेगवेगळे उपाय किती सुचतात, एवढंच मोजायचं. ‘ओढून घ्यायचं’ हाही एक उपाय धरला जातो! आपल्याला हे पचायला जड जातं, पण यातलं शहाणपण पुढे लक्षात येईल.

त्यांना काय आढळलं? मजेत मिसळणाऱ्या मुलांना जास्त उपाय सुचत होते, मारकुट्या मुलांना कमी. इथपर्यंत कोणालाही पटेल. पण गप्प, दबून राहणाऱ्या मुलांनाही कमीच उपाय सुचत होते! म्हणजे ज्याला आपण ‘द्वाड’ म्हणतो आणि जिला आपण ‘किती गुणी, आवाजसुद्धा नाही’ म्हणतो, ती दोघं एकाच ठिकाणी अडलेली असू शकतात. एकाला एकच मार्ग दिसतो, हात उगारण्याचा. दुसरीलाही एकच दिसतो, सोडून देण्याचा. पहिल्याबद्दल तक्रारी येतात, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. दुसरीबद्दल कोणी तक्रार करत नाही. आपल्या बालवाड्यांत अशा किती ‘गुणी’ मुली असतील? आणि हा फरक निव्वळ बुद्ध्यांकाचा नव्हता, हेही त्यांनी तपासून पाहिलं होतं.

मग त्यांनी शिकवणीचा आराखडा केला. रोज साधारण वीस मिनिटं, सुमारे तीन महिने, खेळासारखं. सुरुवात कशापासून? भांडणापासून नाही. साध्या शब्दांपासून. ‘आहे’ आणि ‘नाही’. ‘किंवा’. ‘सारखं’ आणि ‘वेगळं’. ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘जर’ आणि ‘तर’. ही टोपी आहे, ही टोपी नाही. आपण उडी मारू किंवा टाळी वाजवू. मुलं हसत खेळतात. का बरं इथून सुरुवात? कारण ज्याला ‘किंवा’ वापरता येत नाही, त्याला दुसरा मार्ग सुचणार कसा? ज्याला ‘नंतर’ कळत नाही, त्याच्या लेखी आत्ता न मिळणं म्हणजे कधीच न मिळणं. मग तो ओरडेल नाही तर काय करेल? शब्दांनंतर भावना ओळखण्याचे खेळ आले. आणि मग प्रत्यक्ष भांडणात मोठ्यांनी बोलायचं कसं, हे आलं. सांगायचं नाही, विचारायचं.

हे विचारणं दिसतं कसं? एका अंगणवाडीत पाहिलेला प्रसंग सांगते. मुलांची नावं बदलली आहेत. वाळूत लाल प्लास्टिकचं एकच घमेलं. रघू आणि चिमी, दोघांचे चारही हात त्याला. ताई आल्या, खाली बसल्या. उभ्या राहून बोलल्या नाहीत, हे लक्षात घ्या.

“रघू, तुला काय हवंय?”

“घमेलं.”

“चिमे, तुला गं?”

“मला पण. मी वाळू भरतीये.”

“घमेलं एक, तुम्ही दोघं. ओढल्यावर काय होतंय?”

“ही रडते,” रघू म्हणाला. मग जरा थांबून, “आणि वाळू सांडते.”

“मग आता काय करता येईल?”

“हिने द्यायचं.”

“हा झाला एक विचार. आणखी?”

चिमीने नाक पुसलं. “तू मग घे.”

“मग म्हणजे कधी?” हा प्रश्न ताईंचा नाही बरं का, रघूचा!

“पाच वेळा भरलं की.”

आणि चिमीने मोजायला सुरुवात केली : एक, दोन, चार, पाच. तिसरी खेप गायब झाली. रघूने हरकत घेतली नाही, कारण हिशोब त्याच्या फायद्याचा होता. ताईंनीही दुरुस्ती केली नाही. गणित दुसऱ्या दिवशीही शिकवता येतं. पुढच्या फेरीत वाळू लवकर भरावी म्हणून रघू स्वतःच ओंजळीने घमेल्यात वाळू टाकायला लागला. थोड्या वेळाने घमेलं कोणाचं हा विषयच उरला नव्हता.

ताईंनी काय केलं नाही, ते बघा. आधी कोणी घेतलं, हे विचारलं नाही. निकाल दिला नाही. रघूचा पहिला विचार स्वार्थी होता, त्याला ‘असं नाही बोलायचं’ म्हटलं नाही. ‘हा झाला एक विचार’ म्हणाल्या आणि ‘आणखी?’ विचारलं. फिलाडेल्फियाच्या चाचणीत ‘ओढून घ्यायचं’ हाही उपाय का धरला होता, ते आता कळेल. पहिल्याच वाक्याला मूल झिडकारलं गेलं, तर दुसरं वाक्य येतच नाही.

या शिकवणीचा परिणाम झाला का? स्पिवॅक-शूअर यांच्या अभ्यासात झाला. शिकवणी मिळालेल्या मुलांना जास्त उपाय सुचू लागले, त्यांची घिसाडघाई आणि दबलेपणा दोन्ही कमी झाले आणि पुढच्या वर्षीही हा फरक टिकलेला दिसला. पुढे त्यांनी आयांनाही हीच रीत शिकवली.

इथे टाळ्या वाजवून घरी जाता आलं असतं. पण तिसरा मुद्दा बाकी आहे, मर्यादा.

नंतरच्या अनेक अभ्यासांत इतकं स्वच्छ चित्र आलं नाही. काही ठिकाणी नुसत्या उपायांच्या संख्येचा वागण्याशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या मुलाला दहा उपाय सुचतात आणि त्यातले आठ ढकलण्याचे, बोचकारण्याचे आणि वस्तू लपवण्याचे आहेत, त्याला काय म्हणायचं? कल्पक म्हणा हवं तर! म्हणजे किती सुचलं याबरोबर काय सुचलं, हेही पाहायला हवं. आणि टेबलाशी बसून चित्र पाहताना सुचलेलं ऐन ओढाताणीत सुचेल का? म्हणून कॅनडात केनेथ रुबिन आणि लिंडा क्रॅस्नर यांनी मुलांना प्रत्यक्ष खेळताना पाहिलं. मूल कोणाकडे काय मागतं, कसं मागतं, मिळालं नाही तर पुढे काय करतं. बोलणं आणि करणं यांतलं अंतर मोठ्यांमध्ये किती असतं हे आपण जाणतोच. मुलांमध्येही ते असतं.

दुसरी मर्यादा वयाची. १९८३ साली हाइंझ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी एक गोष्ट मुलांना सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, जिथे आत्ता आहे तिथे. मला ठाऊक आहे, म्हणजे त्यालाही ठाऊक असणार! चार-पाच वर्षांच्या सुमाराला बहुतेक मुलांना कळतं, की माझ्या मनात आहे ते दुसऱ्याच्या मनात असेलच असं नाही. आता सांगा, तीन वर्षांच्या मुलाला “त्याला काय वाटलं असेल, विचार कर” असं रागावून म्हणण्यात काय अर्थ आहे? त्याला चेहरा दाखवा. “बघ, तिच्या डोळ्यांत पाणी आलंय.” तेवढं त्याला दिसतं आणि तेवढं त्या वयाला पुष्कळ आहे.

तिसरी मर्यादा हेतू ओळखण्याची. धक्का लागला की मारला? केनेथ डॉज यांनी मारकुट्या मुलांच्या अभ्यासात दाखवलं, की जिथे हेतू संदिग्ध असतो, तिथे ही मुलं समोरच्याने मुद्दामच केलं असं धरून चालतात. अशा मुलाला उपायांची यादी देऊन काय होणार? त्याला आधी ‘कदाचित चुकून लागलं असेल’ हे वाक्य हवं. आणि ते वाक्य त्याने घरी कधी ऐकलंय का? दुधाचा पेला सांडला तर घरात ‘मुद्दाम केलंस’ असंच ऐकू येत असेल, तर ‘चुकून’ ही गोष्ट त्याने शिकायची कोणाकडून?

आणि चौथी मर्यादा कोणत्याही प्रयोगशाळेत जावं लागू नये इतकी उघड आहे. भुकेलं मूल, झोप न झालेलं मूल, एका खोलीत कोंबलेली चाळीस मुलं. यांना विचार करायला शिकवण्याआधी खायला, झोपायला आणि हलायला जागा द्या.

आता चौथा मुद्दा, आपलं अंगण. हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजून कोणी दडपून जाऊ नये. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरींनी पहिलं बालघर सुरू केलं, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत एक बारीकशी गोष्ट आहे. प्रत्येक साधनाचा वर्गात एकच संच. गुलाबी मनोरा एकच. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं. हा काटकसरीचा भाग नव्हता, थांबणं शिकवण्याचा होता. आपण मात्र भांडण नको म्हणून सगळ्यांना एकसारख्या एकेक गाड्या घेऊन देतो. भांडण टळतं खरं, आणि त्याबरोबर पाठही टळतो.

हीच पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींची पद्धत ताराबाईंनी जशीच्या तशी उचलली नाही. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, त्यांनी ती आदिवासी पाड्यांवर नेली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात जाईल. त्या अंगणात धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगीही होती. निरनिराळ्या वयांची मुलं एकत्र. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हळूहळू देशभर पोचली.

वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र खेळतात तेव्हा काय होतं? वाड्यात, चाळीत, पाड्यावर वाढलेल्यांना आठवेल. कोणाही मोठ्या माणसाने न शिकवता मुलांनी कायदेकानू तयार केले होते. धाप लागली की ‘टाइमप्लीज’. राग आला की कट्टी, आणि कट्टी कायमची राहू नये म्हणून बट्टी. राज्य कोणावर, हे ठरवायला सुटायची पद्धत. आणि सगळ्यात थोर शोध म्हणजे ‘कच्चा लिंबू’. धाकटा भाऊ रडतोय, त्यालाही खेळायचंय. घेतलं तर डाव बिघडतो, नाही घेतलं तर तो आईकडे जातो. काय करायचं? घ्यायचं, पण तो बाद होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. डावही राहिला, भाऊही राहिला! मंडळी, सामाजिक समस्या-निराकरण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

याच्या उलट, शिकागोच्या एका शाळेत विवियन पेली नावाच्या बालशिक्षिका होत्या. आपल्या वर्गात काही मुलांना रोज खेळाबाहेर ठेवलं जातं हे पाहून त्यांनी नियम करायचं ठरवलं : ‘तू खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. त्याआधी त्यांनी वरच्या वर्गांतल्या मुलांनाही विचारलं, नियम योग्य आहे का? १९९२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. माझ्या मते त्यांना नियम करावा लागला, कारण तिथे सगळी मुलं साधारण एका वयाची होती. एका वयाच्या मुलांत कच्चा लिंबू कोण होणार? आज आपल्याकडेही तेच झालंय. घरात एकच मूल, संध्याकाळी क्लास, आणि खेळायला गेलंच तर आपल्याच इयत्तेतलं. कायदा शिकवणारी मोठी मुलं गेली, तेव्हा ते काम आता ताईंवर आणि आईबाबांवर आलंय.

आणि याच ठिकाणी एक कटू गोष्ट बोलायला हवी. आपण साडेतीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घालतो. हरकत नाही, तो तुमचा निर्णय. पण वर्गात मराठी बोलायचं नाही, असं त्याला सांगितलं की ते मूल भांडेल कसं? “तुझं झालं की मला देशील का?” हे वाक्य त्याला घरच्या भाषेत येतं. नव्या भाषेत त्याला ‘गिव्ह मी’ आणि ‘नो’ एवढंच येतं. वाटाघाटीची भाषा काढून घेतली की उरतात ते हात. मग पालकसभेत ऐकायला मिळतं, “तुमचा मुलगा अ‍ॅग्रेसिव्ह आहे.” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान वयात शक्य तिथे घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. तो आग्रह धड्यांपुरता नसावा, वाळूतल्या भांडणापर्यंत पोचावा.

आता ताईंच्या मनातला प्रश्न मला इथूनही दिसतोय. “बाई, हे सगळं खरं, पण वेळ कुठे आहे? आहार वाटायचा, वजनं घ्यायची, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी करायच्या, आणि प्रत्येक भांडणापाशी बसून ‘आणखी काय करता येईल’ विचारत बसायचं?” तुमचं बरोबर आहे. प्रत्येक भांडणापाशी बसूच नका. दिवसातून एका भांडणापाशी बसा. बाकीची डोळ्यांच्या टप्प्यात ठेवा आणि संपू द्या. गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारा, ससा आता काय करेल? मुलांनी एक उत्तर दिलं की ‘किंवा?’ म्हणा. याला वेगळा तास लागत नाही, साहित्य लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही.

आईबाबांसाठी एवढंच, की मूल घरी येऊन “त्याने मला मारलं” म्हणालं तर “तूही मार” आणि “बाईंना सांग” या दोन उत्तरांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. “मग तू काय केलंस? उपयोग झाला का? उद्या आणखी काय करून बघशील?” एवढं विचारा. आणि आपण दोघं कशावरून तरी वाद घालतो, तेव्हा तो कसा मिटवतो, हे कोपऱ्यात ठोकळे लावणारं मूल ऐकत असतं, याचं भान ठेवा.

थोडक्यात सांगायचं, तर बहुतेक भांडणं छोटी असतात आणि मुलं ती संपवू शकतात. मारकुटं मूल आणि दबलेलं मूल, दोघांनाही दुसरा मार्ग दिसायला हवा. तो मार्ग सुचायला घरची भाषा लागते, मोकळी जागा लागते, लहानमोठी मुलं एकत्र लागतात आणि न रागावता ‘आणखी?’ विचारणारं एक माणूस लागतं. एवढ्याने सगळी मुलं शहाणी होतील असा दावा कोणी करू नये, मी तर नाहीच करत. पण निकाल देणं थांबवल्याशिवाय विचार सुरू होणार नाही, एवढं नक्की.

 या पद्धतीने गेलात तर थोडी आरडाओरड वाढेल, वाळू सांडेल, एखादं घमेलं मोडेलही. वर्षाअखेरीला त्याचा हिशोब द्यायची वेळ आली, तर तो खर्च ‘मोडतोड’ या सदरात टाकू नका. बिनदिक्कत ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून दाखवा.